लिमयेबाईंची सातवी ब

लिमयेबाईंच्या गॅरेजात सध्या सातवी ब सगळ्यात दंगेखोर आहे. पाचवी अ चे अजून डोळे उघडायचेत, सहावीत मुलगे आणि मुली वेगळे करायची वेळ आलीय, आणि सातवी ब मात्र बाईंची चाहूल लागली की जाळीला लोंबकळून कल्ला करते. "शिस्त नावाला नाही!" असं बाई म्हणतात, पण इतक्या कौतुकाने की कुठल्याही आईने आपल्या मुलाबद्दल ऐकावं.

हे सगळे वर्ग उंदरांचे आहेत. पांढरे, करडे, काही तपकिरी ठिपक्यांचे, चांगले तळहाताएवढे. बाई पुण्यात एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. यजमान गेल्यावर मुलाने, मंदारने, त्यांना सातासमुद्रापार इथे अप्पर हट गावी आणलं. आम्ही शेजारी. मंदार आणि त्याची बायको केतकी यांच्या दोन्ही गाड्या बारा महिने पावसात उभ्या असतात, कारण गॅरेजात शाळा भरते.

पहिल्यांदा ते पिंजरे पाहिले तेव्हा मी दारातूनच विचारलं, "बाई, साप पाळलाय की काय?"

"या देशात साप नाही," बाई म्हणाल्या. "आणायलाही बंदी आहे. नोंद घ्यावी."

'नोंद घ्यावी' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. नोंद घेतली की नाही हे त्या चष्म्यावरून बघतात.

सुरुवातीला उंदीर होते एका पक्ष्यासाठी. झालं असं की मंदार त्यांना घेऊन रेमुटाका घाटातून घरी येत होता. रस्त्यात मरून पडलेलं पॉसम, म्हणजे मांजराएवढं जनावर, खायला एक मोठा तपकिरी शिकारी पक्षी उतरला होता. काहू म्हणतात त्याला इथे. पुढच्या गाडीचा त्याला धक्का लागला आणि तो कडेला फेकला गेला. मंदार म्हणाला, "आई, वाइल्ड आहे तो, चोच मारेल." बाई तोवर खाली उतरल्या होत्या. अंगावरच्या शालीत त्याला गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या थेट जिलकडे गेल्या. जिल ही गावाबाहेर राहणारी गोरी बाई. जखमी पक्षी सांभाळायचा तिच्याकडे रीतसर परवाना आहे.

जिल म्हणाली, पंख बरा होईल, पण वेळ लागेल. आणि याला नुसतं मांस चालत नाही, केस-हाडांसकट अख्खं जनावर लागतं. तिचा फ्रीजर तर रिकामा होत आला होता.

बाईंच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं फुटलेलं नाही. केकसुद्धा बिनअंड्याचा. त्या बाई मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत म्हणाल्या, "आय शॅल प्रोव्हाइड."

जिलने कुठूनतरी पाळीव जातीच्या चार माद्या आणि एक नर आणून दिला. बाईंनी शाळा उघडली.

मग काय विचारता! ओट्स, शिजवलेली मसूर, गाजराच्या साली, ब्रोकोलीचे दांडे. एकादशीला उरलेली साबुदाण्याची खिचडी. "काहूला सकस मिळायचं तर आधी यांना सकस मिळायला हवं." वासाची तक्रार करायची सोय नाही. रोज पहाटे गॅरेज धुतलं जातं आणि पिंजऱ्यांत फुकट येणाऱ्या पेपरच्या ताज्या पट्ट्या पडतात. मी एकदा नाकाला रुमाल लावला, तर बाई म्हणाल्या, "मंदारच्या जिमच्या बॅगेशेजारी उभी राहून बघ, मग बोलू." त्यांची नात इरा तर शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन येते आणि रुबाबात सांगते, "माय आजी इज द प्रिन्सिपल."

वर्ग मोठा झाला की जिलकडे जायचा. तिच्याकडे गॅसची पेटी आहे, त्यात उंदीर शांतपणे झोपी जातात. जिल म्हणायची, निर्मला, तू ठेवून जा, मी करते. बाई कधीच नुसत्या ठेवून आल्या नाहीत. शेवटपर्यंत पेटीजवळ उभ्या राहायच्या. मी एकदा गाडी घेऊन गेले होते. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ करून मगच चहा घेतला.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ही बातमी पसरणारच होती. आरतीनंतर एकीने सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, गणपतीच्या वाहनाचं असं करवतं कसं हो तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "आणि गरुड कोणाचं वाहन? त्याला उपाशी ठेवायचं?"

हॉलमध्ये हशा पिकला. पण त्या दिवशी बाईंच्या मोदकांना कुणी हात लावला नाही. इतके सुबक, नाजूक कळ्यांचे मोदक, डबा जसाच्या तसा राहिला. बाईंनी झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि सगळ्यांना हसतमुखाने अच्छा केलं. घरी आल्यावर मी त्या डब्यातले चार मोदक मागून घेतले. आणि बाईंना दिसावं म्हणून मुद्दाम कुंपणाशी उभी राहून खाल्ले. दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार नेहमीच्या वेळी वर गेलं.

आणि एका रविवारी जिलचा फोन आला. काहू मोठ्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत होता. त्याला आज सोडायचं होतं, आणि सोडायचं बाईंनी.

बाईंनी इरकल नेसली. खाली स्पोर्ट्स शूज, वर मंदारचं पफर जॅकेट. त्याला आणि केतकीला काम होतं, म्हणून मी गाडी काढली. इरा मागे बसली. जिलच्या घरामागे उतरतं कुरण आहे. मध्ये खोका ठेवला होता, आतून नखांचा खरखर आवाज येत होता. जिल म्हणाली, "वेनएव्हर यू आर रेडी." बाईंनी वाकून झाकण उघडलं.

एक क्षण काही झालं नाही. मग तो बाहेर आला, दोन पावलं गवतात टाकली आणि पंख पसरले. केवढे पंख ते! गवताला घासून गेला, कुंपण ओलांडलं, वाऱ्यावर तिरका झाला आणि वर, वर, डोंगराच्या अंगाला गेला. एकदाही मागे बघितलं नाही.

"ही डिडन्ट इव्हन से थँक यू," इरा म्हणाली.

बाई झेंडावंदनाला उभं राहावं तशा ताठ उभ्या होत्या. जिलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगलं भरवलंस त्याला, निर्मला."

परत येताना बाई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "यांना शेवटी शेवटी अन्न जात नव्हतं."

यजमानांबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. मी गाडी हळू केली.

"रोज काहीतरी नवीन करायची मी. मऊ खिमट, पेज, आवडतं म्हणून आमसुलाचं सार. एक चमचा घ्यायचे. मला वाईट वाटू नये म्हणून 'छान झालंय' म्हणायचे, आणि मान फिरवायचे." त्या थोडं थांबल्या. "इथे आले. ही दोघं ऑफिसातच जेवतात. इराला पास्ता लागतो. मग जिल फोन करायची, निर्मला, आज सगळं संपवलं त्याने. ते ऐकून मला इतकं बरं वाटायचं, काय सांगू तुला."

बाई माझ्याकडे वळल्या.

"केवढा वर गेला, पाहिलास ना?"

"पाहिला, बाई."

"माझ्या हातचं खाऊन," बाई म्हणाल्या, आणि काच खाली करून डोंगराकडे बघत राहिल्या.