मूठभर सेलेनियम

मंडळी, असे जवळ या. मागे भिंतीला रेलून बसलेल्यांनीसुद्धा सरका, गोष्ट वासाची आहे, लांबून कळायची नाही!

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत दिनानाथ साठम नावाचे भाविक गृहस्थ राहतात. बँकेतून निवृत्त, हात पेटीवर गोड, आणि कुठे कीर्तन आहे म्हटलं की भरल्या ताटावरून उठतील असा जीव. वर्षानुवर्षं समोरच्या सतरंजीवर बसून बोटांनी स्वतःच्या मांडीवरच पेटी वाजवली त्यांनी. यंदा दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी कीर्तनकार पंढरीबुवांचा स्वतःहून फोन आला, "दिनानाथराव, पेटीला तुम्ही बसायचं." काकांच्या डोळ्यांत पाणी! बुवांची अट एकच. साथीदाराने महिनाभर कांदा-लसणाला शिवायचं नाही, कारण धृपद म्हणताना त्याचं तोंड थेट बुवांच्या कानाशी येतं.

"महिना काय, वर्षभर सोडतो!" काका गरजले.

शिवाय बुवांच्या मागे गाताना दम लागायला नको, म्हणून तब्येतीचा बंदोबस्तही करायचा ठरला. फोनवर व्हिडिओ सापडला. सेलेनियम! शरीर म्हणे त्यापासून सेलेनोप्रोटीन नावाची प्रथिनं बनवतं, ती पेशींची राखण करतात, थायरॉइडचं काम सुरळीत ठेवतात. आणि हे सेलेनियम ब्राझील नट्समध्ये ठासून भरलेलं! दिवसाला एखाद-दुसरा पुरे, असं ती व्हिडिओवाली बाई शेवटी म्हणाली होती. पण व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो कोण?

काका तडक एपीएमसीच्या मसाला मार्केटात. परतले ते सिमेंटची गोण आणावी तशी खांद्यावर पिशवी टाकून!

"सुचित्रा, देवाने पेशीपेशीत पहारेकरी नेमलेत. आपण फक्त त्यांची शिदोरी पोचवायची!"

सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर.

पंधरवडा गेला. एका सकाळी काकांनी जवळ येऊन "चहा टाक गं" म्हटलं आणि सुचित्राकाकूंच्या हातातलं पातेलं हवेतच थांबलं.

"अहो, लसूण खाल्लात?"

"मी? अगं, तुळशीची माळ आहे गळ्यात!"

"माळ गळ्याच्या बाहेर आहे. वास आतून येतोय!"

काकू स्टेशनबाहेरच्या पावभाजीवाल्याकडे जाऊन चौकशी करून आल्या. तो बिचारा म्हणाला, "काका तर माज्या गाडीकडं बघतपन नाय." काकूंना तेच जास्त संशयास्पद वाटलं!

काकांनी वेलची चघळली, लवंग चघळली, कुंडीतली अर्धी तुळस संपवली. वास हटेना. तेवढ्यात त्यांना व्हिडिओतलं एक वाक्य आठवलं, सेलेनियम शरीराची आतून सफाई करतं. "म्हणजे जन्मभराचा साचलेला लसूण आता बाहेर पडतोय!" काकांनी स्वतःच निदान केलं आणि दुपारचीही मूठ सुरू केली.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी देवळात तालीम. बुवांनी बुक्का लावायला अंगठा पुढे केला, आणि तो अर्ध्या वाटेतूनच मागे घेतला.

"दिनानाथराव... व्रत चाललंय ना?"

"शपथ घेतो, बुवा!"

"शपथेलाच वास येतोय हो," कुंदन खुसखुसला. कुंदन म्हणजे भजनी मंडळाचा कीबोर्डवाला. पेटीच्या जागेवर त्याचा केव्हाचा डोळा.

निवाड्याला गोजराआजींना बोलावलं. देऊळ उभं आहे ते आजींच्याच जुन्या शेतात, आणि बंद बरणीतली सुकट बाहेरून ओळखणारं त्यांचं नाक म्हणजे अख्ख्या गावात शेवटचा शब्द! आजींनी काकांना 'आ' करायला लावलं.

"लसूनच हाय! पन तोंडान नाय, पार पोटान हाय. बरनीभर खाल्लाय यानं!"

काका घरी येऊन आडवे झाले. उशीवर केसांचा पुंजका, नखं पापडासारखी तुटतायत. काकूंचा राग क्षणात विरघळला. "उठा. आधी मनालीकडे चला."

डॉक्टर मनालीचा दवाखाना आमच्याच इमारतीत, तळमजल्याला.

"काका, हल्ली नवीन काय खाताय?"

"ब्राझील नट्स! एकदम नैसर्गिक."

"किती?"

"मूठभर."

"रोज?"

"रोज तीनदा."

मनालीने पेन खाली ठेवलं. "अहो काका, सेलेनियम लागतं ते कणभर. सेलेनोप्रोटीनं बनायला तेवढं पुरतं. वर ओतत राहिलात तर तेच विष. केस जातात, नखं ठिसूळ होतात, आणि जादाचं सेलेनियम श्वासावाटे बाहेर पडतं. त्याला लसणासारखा वास येतो!"

काकांना रडूच फुटलं, पण आनंदाचं. "म्हणजे मी निर्दोष!"

"निर्दोष. पण नट्स आजपासून बंद, आणि रक्त तपासायचं."

"वास उद्यापर्यंत जाईल ना गं?"

"आठवडे लागतील, काका."

काकूंनी मनालीला तशीच देवळात ओढत नेली. तिने सगळं समजावून सांगितलं.

"लसूण न खाता लसणाचा वास!" कुंदन हसला. "उद्या म्हणाल, न पिता झिंगलो!"

बुवा मात्र विरघळले. "माझ्या मनाचा विश्वास बसला, दिनानाथराव. पण नाकाचं काय करू?"

झालं! दुसऱ्या दिवशी कीर्तनाला पेटीच्या जागी कीबोर्ड आला आणि काका शेवटच्या रांगेत, चपलांच्या शेजारी.

पण काय सांगू तुम्हाला, उत्तररंगात बुवांनी ठरलेलं आख्यान बाजूला ठेवलं आणि काकांचाच दृष्टान्त घेतला! देव कणाने देतो, मूठ आपण वळतो, असं रसाळ निरूपण की ऐकताना अंगावर काटा यावा. अख्खी सभा डोळे पुसत होती. चपलांजवळ काका ताठ बसले. पेटी गेली, पण अब्रू परत आली!

आरती होताच लोकांनी त्यांना गराडा घातला. माफी स्वीकारायला काकांनी नम्रपणे हात जोडले.

"काका," दुसऱ्या मजल्यावरचा अभय कुजबुजला, "ते थायरॉइडचं खरंय ना? कुठल्या गाळ्यावर मिळतात ते नट्स?"

"माझ्या मिसेससाठी पण सांगा हां!" कुंदन.

"आनि मूठ मंजे," गोजराआजींनी हात पुढे केला, "माजी, का तुजी?"

या गोष्टीला महिना झाला. काकांचा वास गेला, केस परत येतायत. तेव्हा मंडळी, तुम्हाला विनंती एवढीच. आज आरतीला हात जोडाल तेव्हा आमच्या मनालीची आठवण ठेवा. पोर एकटी आहे, दवाखान्याला खिडकी एकच, आणि बाहेर अख्खं भजनी मंडळ रांगेत उभं आहे!