गुलाबकाकांचा टेप

आमचे शेजारी गुलाबकाका टेलर लग्नाला जातात, मयतीला जातात, दवाखान्यातही जातात. पण गळ्यातला टेप काढत नाहीत. आंघोळीपुरता तेवढा तो खुंटीवर जातो. दुकान केव्हाच बंद झालं, मशीनही विकली. टेपवरचे आकडे इतके पुसलेत की त्याने आता माप घेता येत नाही. मागे मी जरीपटक्याच्या बाजारातून नवाकोरा टेप आणून दिला, तर काका चक्क रागावले. "ठेव तुह्या घरी," म्हणाले.

काकांच्या लक्षात चेहरे राहत नाहीत. जन्मभर गिऱ्हाइकाच्या खांद्याकडेच पाहिलं, त्यामुळे माणूस ते खांद्यावरून ओळखतात. एकदा मी माझा जुना चौकड्यांचा शर्ट दूधवाल्याला दिला. काकांनी त्याला भररस्त्यात पाठीमागून गाठलं आणि "पाण्याची मोटर बंद काहून नाही केली?" म्हणून यथेच्छ झापलं. तो वळला तरी थांबेनात. वर मलाच ऐकवलं, "तो खांदा मी कापला होता. त्याच्यात दुसरा माणूस काहून घातला?"

तेव्हा काकू पोट धरून हसल्या होत्या. आता त्यांना ते आठवत नाही. आधी गॅस बंद करायचं विसरल्या, मग नातवाचं नाव, मग तर पोटचा मुलगा समोर बसला तरी परका वाटू लागला. आता विसरलं जायची आपली पाळी कधी येते, याच धास्तीत काका दिवस काढतात. ते बोलत नाहीत, पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

परवा सकाळी काकूंची किंकाळी ऐकून मी धावलो. काका नुकतेच आंघोळ करून आलेले, केस ओले. काकू भिंतीला चिकटून ओरडत होत्या, "हा कोन माणूस घुसला वं माय! ह्याले बाहेर काढा!"

काकांनी खुंटीवरचा टेप घेऊन गळ्यात घातला आणि मशीनवर बसत तशी मान खाली घालून उभे राहिले. काकू टेपाकडे बघत राहिल्या. मग पदर सावरत म्हणाल्या,

"आले काय दुकानातून? बसा, चहा मांडतो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, हा टेप मधून तुटायला आलाय. तो नवा देऊ का आणून?"

काका स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज ऐकत होते.

"नव्या टेपवाल्या माणसाले," ते हळूच म्हणाले, "ती घरात काहून घेईन गा?"