सहाच्या गाडीचे प्रवासी

श्रमानं माणूस मोठा होतो, असं सगळे धर्मग्रंथ सांगतात आणि रोजगार मेळाव्यातले सगळे प्रमुख पाहुणेही. श्रमाच्या जागेवरून घरी यायचं कसं, हे मात्र दोघांनीही सांगितलेलं नाही. आमच्या शेजारच्या विष्णूतात्यांना तेवढाच प्रश्न पडतो, आणि तो ते कुणालाही विचारतात.

मेळाव्यात पाहुणे म्हणाले, "माता-भगिनींसाठी आम्ही रोजगाराचं महाद्वार उघडत आहोत!" तात्या मांडवात उभे राहिले. "लई भारी! पर साहेब, तिथनं परतीची गाडी किती वाजता?" पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला घरी जायचंय. त्यांनी तात्यांना पुढं बसवून पाणी दिलं.

प्रश्न घरातलाच होता. तात्यांची सून शोभा एमआयडीसीत पॅकिंगला होती. मुलगा ट्रकवर, पंधरवड्यातून एकदा उगवणारा. सकाळी जायला एसटी होती, संध्याकाळी यायला नव्हती. तात्या लुनावरून तिला आणायचे. मोतीबिंदूनं तात्यांची लुना थांबवली आणि शोभाची नोकरी सुटली. गावातल्या आणखी काही जणींचीही अशीच सुटलेली. "गाडीची सोय झाली की ये परत," असं सुपरवायझरनं तिला सांगून ठेवलंय. तोवर ती दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते.

मग खरंच गाडी मंजूर झाली. केळीचे खुंट, फेटे, नारळ, भाषणं. गाडी कंपनीच्या फाटकावरून सहाला सुटणार होती. कंपनी सुटते साडेसहाला.

"मंग बायकांनी काय भितीवरनं उड्या मारायच्या व्हय?" तात्यांनी डेपोत जाऊन विचारलं.

"आधी प्रवासी दाखवा, तात्या," तिथले साहेब म्हणाले. "भारमान आलं तर वेळेचं बघू. गाडी रिकामी फिरली तर फेरीच बंद."

तेव्हापासून तात्या इस्त्रीचा सदरा घालून रोज त्या गाडीनं फाटकापर्यंत जातात आणि खाली न उतरता परत येतात. एकटे पुरेनात म्हणून देवळाच्या कट्ट्यावरचे सगळे म्हातारे त्यांनी भरती केले. मलाही सोडलं नाही. "उठा मास्तर. पेपर हितं वाचताय, त्यो गाडीत वाचा. सरकारला वजन लागतंय."

"कुठं जायचं, पावणं?" नव्या कंडक्टरनं विचारलं.

"कुठंबी न्हाई. परत."

शोभाला ते सांगतात, वारं खायला जातोय. तिला सगळं ठाऊक आहे. एकदा ती म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या आता. कमरेला दणके बसत्यात."

"दणके कुठलं गं? रस्ता लई झ्याक केलाय सरकारनं."

तात्यांनी सरकारची केलेली एवढी एकच स्तुती मी ऐकली, आणि तीही खोटी.

पावसाळा सरल्यावर आम्ही डेपोत गेलो. साहेबांनी उठून पेढे दिले. "तात्या, तुमची फेरी जोरात हाय! एवढी माणसं येत्यात म्हंजे वेळ बरोबर बसली की. आता कशाला बदलायची?"

तात्यांनी पेढा खाल्ला नाही. रुमालात बांधला.

"आता थांबू या," परतताना मी म्हटलं.

"थांबलो तर गाडीच जाईल की, मास्तर. गाडी हाय म्हणून तर वेळ बदला म्हणता येतंय."

म्हणून आम्ही अजून जातो. कंपनी सुटते तेव्हा आम्ही तात्यांच्या सोप्यात चहा पीत असतो. चहा शोभा करते.