डोळे मिटून छापलेला पेपर

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं! शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाई म्हणाल्या, "कॉम्प्युटरवरचं सगळं जुनं झालंय. कंपनीकडून नवीन विकत घ्यावं लागणार." मी ताडकन उभा राहिलो.

"विकत कशाला? ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकू! लोक फुकट वाटतायत, नि आपण पैसे मोजायचे?"

"आणि काम अडलं तर?"

"एक जरी काम अडलं, तर कॉम्प्युटर रूमची किल्ली तुमच्या हातात देईन!"

या किल्लीवर माझा जीव! अख्ख्या शाळेत पंखा धड चालणारी तेवढी एकच खोली आहे.

मराठीच्या बाई, म्हणजे घरी आमची ही, लगेच म्हणाल्या, "सर, माझे पेपर कंपनीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते दिसतील ना नीट?" शाळेत मी 'सर', घरी नुसता 'अहो'.

"बाई, फॉन्ट म्हणजे अक्षरांचे कपडे! कपडे बदलले म्हणून माणूस बदलतो का?"

सगळे हसले. ही हसली नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

रविवारी सगळ्या मशीनवरचं जुनं पुसून नवं टाकलं. सोमवारी दहावीच्या सराव परीक्षेचा मराठीचा पेपर छापायचा होता, आणि तिथे माझा प्रामाणिकपणा नडला! दहावीत आमचीच कन्या. पेपर काढणार आई, छापणार बाप! उद्या ती पहिली आली तर लोक काय बोलतील? म्हणून मी छापायचं बटण दाबलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. कागद पालथेच उचलले, डोळे मिटून पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं. स्वतःचंच कौतुक वाटलं हो!

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, पाकीट फुटलं. थोड्याच वेळात ही तरातरा माझ्या खोलीत आली.

"अहो!"

शाळेत 'अहो'? मी समजलो, आपलं काही खरं नाही.

तिने पेपर समोर आपटला. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, अधिक-उणे, सगळी खिचडी! "कपडे बदलायला गेलात ना? उघडी पडलीत बिचारी! आणि वर्गातल्या हुशार पोराने पहिला प्रश्न सोडवायलाही घेतलाय. त्याला गणिताचा वाटला!"

"आत्ता परत छापतो!"

"कशात? जुना फॉन्ट तुम्हीच पुसलात!"

एवढ्यात मोठ्या बाई दारात. माझी नजर पंख्याकडे, त्यांची माझ्याकडे.

"पेपर मला पाठ आहे," ही म्हणाली. "मी सांगते, सर फळ्यावर लिहितील."

"ठीक," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलं फळ्यावरून पेपर लिहायला लागली, तर किल्ली तुमच्याकडे. नाहीतर बघा!"

मग काय विचारता! ही सांगतेय, मी लिहितोय. खडू मोडतोय, घाम गळतोय, पण हात थांबला नाही. शेवटच्या प्रश्नाखाली झोकात रेघ ओढली आणि विजयी वीरासारखा वळलो.

एकही पोर लिहीत नव्हतं. सगळी फळ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. शेवटी आमच्या कन्येने हात वर केला.

"सर, फळ्यावर पण ते फुकटवालंच टाकलंय का? अजून काही वाचता येत नाहीये."

वर्गाच्या दारात उभ्या मोठ्या बाईंनी हात पुढे केला. मी त्यात खडू ठेवला.

"किल्ली, सर," त्या म्हणाल्या.