जगात नसलेल्या आबांचा केसपेपर

आमच्या अकोल्याच्या नर्सिंग शाळेत गावंडे मॅडम नव्या मुलींना जो पहिला पेशंट देतात, तो जन्मालाच आलेला नसतो. तो मॅडमनी स्वतः लिहिलेल्या गोष्टीत असतो. गोष्ट वाचायची आणि त्याचा केसपेपर लिहायचा. मी शेजारच्या वर्गात शरीरशास्त्र शिकवते. आम्ही हाडं मोजत असतो तेव्हा भिंतीपलीकडून मॅडमचं वऱ्हाडी 'का' ऐकू येत असतं: म्हातारा चिडला. काहून? म्हातारीनं गोळी थुंकली. काहून? मुली त्यांना मागून 'काहून मॅडम' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

"गोष्टीतला म्हातारा खरा थोडाच असतो?" मी एकदा डिवचलं.

"म्हणून तं मनातलं सांगते," त्या म्हणाल्या. "खरा म्हातारा सांगते काय वो तुमाले? 'बरं हाये' म्हणते अन् भिंतीकडे तोंड करते."

मी माझ्या हाडांकडे परतले. वाद अर्धा सोडणं माझ्या स्वभावात नाही, आमच्या ह्यांना विचारा.

त्यांची लाडकी गोष्ट हिवरखेडच्या आबांची. आबा वांगी पिकवतात, आणि अलीकडे दुपारनंतर पाण्याला शिवत नाहीत. मुली लिहितात स्मृतिभ्रंश, किडनी, हट्ट. मॅडम प्रत्येक उत्तरापुढे लाल पेनानं 'काहून' लिहितात. मॅडम मागाहून देतात त्या शेवटच्या पानावर लेक आबांजवळ बसते आणि विचारते, तेव्हा कळतं. आबांना वेळेत संडास गाठता येत नाही. एकदा अंथरूण ओलं झालं, चादर धुताना लेकीनं नुसता सुस्कारा टाकला, आणि आबांनी पाणीच तोडलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मुलींची ड्यूटी असते त्या वॉर्डात बाळापूरची एक आजी होती. जीभ कोरडीठाक, तब्येत खालावत चाललेली. चार्टवर प्रत्येकानं तेच लिहिलेलं: 'हट्टी. पाणी घेत नाही.' नाकातून नळी घालायचं ठरलं, ट्रे येऊन बसला. तेवढ्यात पहिल्या वर्षाची पल्लवी स्टूल ओढून आजीजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, संडास लांब पडते काय वो?"

आजीनं तोंडाला पदर लावला. पदराआडूनच होकाराची मान हलवली.

खाटेशेजारी कमोडची खुर्ची आली, पडदा आला. संध्याकाळपर्यंत आजीनं घोट घोट करत अख्खा तांब्या रिकामा केला. नळीची गरजच पडली नाही. चार्टवरचं 'हट्टी' डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं खोडलं.

मला इतका अभिमान वाटला की ती हकीकत मी सगळ्या स्टाफरूमला माझाच पराक्रम असल्यासारखी सांगितली. माझ्या हाडांच्या तासानं त्या आजीला घोटभर पाणी गेलं नसतं, हेही कबूल केलं. पेढे मीच आणले.

मॅडम मात्र कोपऱ्यात पेपर तपासत होत्या. मी पेढा पुढे केला. "हे आबा तुम्हाला सुचले कुठून हो?"

"माहे बाबा होते ते. अन् लेक मी."

"म्हणजे तुम्ही खरंच असं जवळ बसून विचारलंत त्यांना?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "मी नर्स होती ना. मीनं सलाइन लावली."