लाल कॅसेट, निळी कॅसेट

आमच्या विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाचा मांडव उभा राहिला की दुपारी साउंडवाला माइकवर दोनदा फुंकर मारतो, ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणतो आणि चहाला जातो. दिवाकरभाऊ तसं करत नाहीत. ते गावाचं मतदान घेतात.

त्यांच्याकडे दोन कॅसेट आहेत, एक लाल आणि एक निळी. दोन्हींत इंग्रजी रॉक. आधी लाल वाजते, मग निळी, आणि मग चारही कर्ण्यांमधून प्रश्न येतो, “बंधुभगिनींनो, लालवाला मोठा का निळावाला मोठा? एका माणसानं एकच हात वर कराचा!” धान कापून मोकळे झालेले शेतकरी, तळ्यावरून जाळी घेऊन येणारी माणसं, नाटकमंडळींसाठी कांदे चिरत बसलेल्या बाया, सगळे हातातलं काम थांबवून हात वर करतात. अॅम्प्लिफायरच्या लाकडी पेटीचं झाकण उघडून दिवाकरभाऊ आतल्या बाजूला त्या गावाचं नाव लिहितात आणि पुढे मार्करनं ठिपका देतात, लाल किंवा निळा.

माणूस साठीचा, काटकुळा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. वडशाला तांदळाच्या बाजाराजवळ त्यांचं दुकान आहे. पाटीवर ‘दिवाकर-गणपत साउंड सर्व्हिस’ असं लिहिलेलं. भागीदार गणपतभाऊ मी इकडे मास्तर म्हणून यायच्या आदल्या वर्षी वारले. पाटी मात्र तशीच आहे, आणि दरवर्षी दोन्ही नावं नव्यानं रंगवली जातात.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्पीकर सांगायला मी पहिल्यांदा तिथे गेलो. आत निळी कॅसेट चालू होती. मी नागपूरच्या होस्टेलवर चार वर्षं असलं संगीत ऐकून स्वतःला जाणकार समजत आलेलो. सहज बोलून गेलो, “वा, काय गिटार आहे.” दिवाकरभाऊंनी हातातली वायर खाली ठेवली.

“गिटार? गुरुजी, गिटार कानाले लागते. गाणं छातीत वाजलं पायजे. कान फकत दरवाजा हाये.” आणि त्यांनी लाल कॅसेट लावली.

मी गेलो होतो पाच मिनिटांसाठी, निघालो दिवे लागल्यावर. स्पीकरचं बोलणं राहूनच गेलं. तेव्हापासून तीन वर्षं शाळा सुटली की मी रोज त्या दुकानात भांडायला जातो.

कॅसेट गणपतभाऊंनी आणलेल्या. तरुणपणी ते राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. बदली होऊन जाणाऱ्या कुठल्याशा इंजिनियरनं त्यांना खोकंभर कॅसेट दिल्या. खोकं घरी आलं, त्याला वाळवी लागली. कागद, कव्हरं, नावं सगळं वाळवीनं खाल्लं आणि ऐकण्याजोग्या दोनच उरल्या. त्यामुळे गाणारे कोण, कुठले, जिवंत की मेलेले, काही पत्ता नाही. एक लालवाला, एक निळावाला.

लालवाला घसा फाडून ओरडतो. मागे ढोल असे बडवतात की दुकानातले नटबोल्ट टेबलावरून चालत जातात. निळावाला शांत. एक गिटार घेऊन बसतो, शब्द सावकाश सोडतो, मधेच थांबतो. माझा जीव निळ्यावर. दिवाकरभाऊ कट्टर लाल. मी म्हणायचो, ओरडणं म्हणजे गाणं नव्हे. ते म्हणायचे, “हे तर बोलाचं कामच नाई. तुमचा निळावाला झोपेत गाऊन राह्यला. त्याले कोणी उठवलं काऊन नाई?” मी गिटारमधल्या बारकाव्यांवर व्याख्यान द्यायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, “झालं? मंग मोठा लालवालाच.”

गावोगावची मतंही ऐकण्यासारखी असत. मूल गावाकडच्या एका आजीबाईंनी निळ्याला हात वर केला. काय आवडलं विचारल्यावर म्हणाल्या, “दुसरा कायले ओरडून राह्यला होता? मले वाटलं त्याले विंचू चावला.” एका गावात तर लाल वाजता वाजता बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली. ते मत लालला धरायचं की विरोधात, यावर आम्ही आठवडाभर भांडलो. दिवाकरभाऊंचं म्हणणं, “पळाली म्हंजे छातीत वाजलं.”

पण या सगळ्याला एक नियम होता आणि तो भयंकर होता. झाकण भरलं की ठिपके मोजायचे आणि जो हरेल त्याची कॅसेट वैनगंगेत सोडायची. हे गणपतभाऊंनी सुचवून दोघांनी फार वर्षांपूर्वी ठरवलेलं. यंदा झाकण भरत आलं. एकाच गावापुरती जागा उरली, ठिपके बरोबरीत आले, आणि ते शेवटचं गाव निघालं माझं, म्हणजे मी शिकवतो ते.

मला चेव चढला. सरपंचबाईंना मी शाळेत बोलावून दुकानात मोबाईलवर करून घेतलेली निळ्याची रेकॉर्डिंग ऐकवली. पारावरच्या म्हाताऱ्यांना ऐकवली. कोतवालाला दोनदा ऐकवली. गाव निळं करून सोडलं म्हणा ना. दिवाकरभाऊंच्या कानावर हे गेलं तेव्हा ते भांडले नाहीत, फक्त पेटीचं झाकण उघडून पाहत राहिले. एवढ्या वाचाळ माणसाला काय झालं, मला कळेना.

नाटकाच्या आदल्या दिवशी मला अक्कल सुचली. गाणं ऐकवलं की गायकाचं नाव सांगणारं अॅप माझ्या मोबाईलमध्ये कधीचं पडून होतं. लाल आणि निळ्या दोन्हींच्या रेकॉर्डिंग त्याला ऐकवल्या आणि मी खुर्चीतून उठलोच. लालवाला आणि निळावाला एकच माणूस होता. लाल त्याच्या जवानीतला, निळा उतारवयातला. माणूसही ऐरागैरा नाही, साऱ्या जगानं डोक्यावर घेतलेला. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, तसा शब्द दिला आहे. पण अख्खी झाडीपट्टी इतकी वर्षं एकाच माणसाला त्याच्याविरुद्ध निवडणुकीत उभं करत होती.

आनंदाच्या भरात मी तसाच मोटरसायकलवरून वडशाला गेलो. दिवाकरभाऊ कर्ण्यांची धूळ पुसत होते. मी मोबाईल त्यांच्यासमोर नाचवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

ते पुसतच राहिले. मग म्हणाले, “मालूम हाये.”

“मालूम आहे? कधीपासून?”

“लय दिवस झाले. नाटकातल्या ऑर्गनवाल्यानं सांगितलं होतं. तवा गणपत होता.”

“मग त्यांना सांगितलं नाही?”

“कायले सांगू?” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “काम असो नसो, रोज सायकल हाणत यायचा तो, माह्याशी भांडाले. मले ना बायको ना लेकरू. हे सांगितलं असतं तर च्या पिऊन घरी गेला असता. तुमी बी गावात कोणाले सांगू नका. नाव तर घेऊच नका.”

मी शब्द दिला. नंतर ते हळूच म्हणाले, “गुरुजी, लाल माही नव्हती. लाल गणपतची. मी पयलेपासून निळ्याचा. तो गेला, अन् लालच्या बाजूनं बोलणारं कोणीच उरलं नाई. म्हून म्या उचलली.”

उद्या नदीत जाणार होती ती गणपतभाऊंची कॅसेट, आणि तिला बुडवायला अख्खं गाव मी पढवून ठेवलं होतं. म्हटलं, “मग नियम मोडू या ना.”

“नियम गणपतनं केला हाये,” ते म्हणाले. “मतदान बराबर झालं पायजे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव जमलं. लाल वाजली, निळी वाजली. दिवाकरभाऊंनी माइकवरून प्रश्न विचारला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मोजायचं काम माझ्याकडे होतं. निळ्याला हात आले बावीस. लालला सुरुवातीला फार थोडे आले. मग कांदे चिरणाऱ्या बायांनी एकदम हात वर केले. त्यातली एक म्हणाली, “आमाले तर ओरडणाराच आवडते. घरी आमी कुठी ओरडू शकतो?” लालचे झाले एकवीस.

मी आकडे सांगितले. दिवाकरभाऊंनी मान डोलावली, पेटीचं झाकण उघडलं आणि निळ्या मार्करचं टोपण काढलं.

“थांबा,” मी म्हणालो. “माझा हात राहिला.” आणि मी तो लालसाठी वर केला.

गावात एकच गलका उठला. सरपंचबाई म्हणाल्या, “गुरुजी, आमाले पटवलं अन् तुमीच फिरले?” कुणी काही म्हणो, हात मी खाली घेतला नाही.

दिवाकरभाऊंनी शेवटच्या जागेत दोन ठिपके दिले, एक लाल, एक निळा. मग झाकण बंद करून त्याची बाहेरची बाजू तळहातानं पुसली. ती कोरी होती.

“बरोबरी झाली. आता पुढचे गावं वरून लिवा लागतीन,” ते म्हणाले. मग पेटीवर बसत त्यांनी विचारलं, “म्हंजे तुमी आता लालवाले?”

“हो.”

“पक्कं? उद्या फिरान नाई ना?”

“पक्कं. लालवालाच मोठा.”

त्यांनी खिशातून निळी कॅसेट काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि पेटीवर मला जागा करून दिली. “बसा मंग,” ते म्हणाले, “तुमाले गाण्यातलं काई समजत नाई. निळावाला मधात थांबते, तवाच तर छातीत वाजते. गणपतले बी मी हेच सांगत होतो.”