चाळीस फुटांवरचं कार्ड

दिनांक सहा जून रोजी सकाळी नऊ वाजता, 'की लार्गो' बेटाजवळच्या प्रवाळावर, माझ्या बोटीवरून व्हर्लिन टॅकेट यांचं डायव्हिंगचं, म्हणजे पाण्याखाली उतरण्याच्या परवान्याचं, कार्ड समुद्रात पडलं. तपासायला मीच मागितलं होतं. आमची ओळख तीस वर्षांची, पण नियम म्हणजे नियम. घेताना निसटलं. पाणी नितळ, चाळीस फुटांवर, पांढऱ्या वाळूत, ते सगळ्यांना दिसत होतं.

व्हर्लिन चाळीस वर्षं इथे डायव्हिंग शिकवतात. बारा वर्षांची नात टेसा आज प्रथमच समुद्रात उतरणार होती, तेही आजोबांचा हात धरून. वर्षभर तिने दुसरं काही बोलू दिलं नव्हतं.

"रोंडा, हवेची टाकी दे. दोन मिनिटांत कार्ड आणतो."

टाक्या सांभाळणाऱ्या रोंडाने हात पुढे केला. "आधी कार्ड."

"अगं बाई, तेच आणायला चाललोय."

"बिनकार्डाच्या माणसाला टाकी नाही."

"तुला डायव्हिंग कोणी शिकवलं?"

"तुम्हीच. हा नियमही तुम्हीच शिकवलात."

व्हर्लिननी कार्ड देणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. तिकडच्या बाई फार गोड बोलल्या. नक्कल हवी तर मूळ प्रशिक्षकाची सही लागेल.

"ते वारले हो."

"मग प्राथमिक वर्ग पुन्हा करा. तुमच्या भागातले अधिकृत प्रशिक्षक आहेत व्हर्लिन टॅकेट. त्यांना भेटा, माणूस चांगला आहे."

शेवटी ओहायोचे एक दंतवैद्य पुढे आले. त्यांना कालच कार्ड मिळालं होतं, व्हर्लिनच्याच हातून. ते दोनदा चुकीच्या दिशेला गेले, पण कार्ड घेऊन आले. रोंडाने ते उन्हात धरलं.

"फोटोत केस आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला नाहीत. हे चालणार नाही."

मीही पाहिलं. खरंच होते, चांगले खांद्यापर्यंत.

मुलांसोबत कार्डवाला मोठा माणूस लागतोच, म्हणून टेसा दंतवैद्यांबरोबर उतरली. जाताना त्यांनी विचारलं, "हा मास्कचा पट्टा डोक्याच्या वर की खाली?" व्हर्लिननी तो नीट बसवून दिला. टेसाने शिडीवरून आजोबांकडे पाहिलं आणि हात दंतवैद्यांच्या हातात दिला. मला वाईट वाटलं. मी नोंदवहीत दंतवैद्यांच्या नावापुढे 'कार्ड पाहिले' अशी खूण केली.

तुम्ही मला मनात शिव्या घालताय. घाला. पण त्या शिडीवर तुमची पोर असती, तर त्या म्हाताऱ्याला तुम्ही चाळीस वर्षांचा हिशेब विचारला नसता. माझ्याआधी तुम्हीच कार्डासाठी हात पुढे केला असता.